पिवळा आहे, लिहा

—नाही ना ताई, हे एक-तीसची गाडी नका पकडू तुमी, मी कवाचा सांगून राहिलो—दिवाळी सहा दिवसांवर आली, धारणीकडचे सगळे लोकं इच्यातच घुसतात, तुमच्यापाशी लहान पोरगी, तिच्या डोळ्याले पट्टी, कोणाचं कोपर लागलं म्हणजे?—त्यापेक्षा उलसं थांबा, अडीचची येते, ते परतवाड्यापर्यंत सोडते, तिथून पाचची भेटते धारणीले. हो, दोनदा चढा-उतराचा तरास आहे, मी कुठं नाही म्हणतो? घरी पोचाले रात होईन, तेही खरं. सासू वाट पाहीन?—पाहू द्या ना, फोन करा तिले, सांगा एक म्हातारा भेटला, जाऊच देईना. बसा. पिशवी सरकवता का माही—राहू द्या, राहू द्या, मीच सरकवतो. जड आहे ना? लोखंड आहे तिच्यात. काही नाही, कामाचं सामान.

मी काही अडीचच्या गाडीचा दलाल नाही बरं. तसं वाटलं असन तुमाले—वाटनच, परका माणूस बाकड्यावर बसून एवढा आग्रह करते म्हणजे त्याचं काहीतरी असनच. पण दोन्ही गाड्या आमच्याच, पूर्णामाय परिवहनच्या. मी तिथं शेडमधे हेडमिस्तरी, गोवर्धन म्हणतात मले, कोण्याही डायवरले इचारा. एकतीस वर्षं झाले. घर मूळचं बार्शीटाकळीचं, बाप वांगे-संभार लावे, पण मले मातीत करमे ना, अकोल्याले एका उस्तादाच्या गॅरेजात जाऊन पडलो तो अजून गाडीखालून बाहेर निंगालो नाही. अन् एकतीस वर्षांत माह्या हातची गाडी रस्त्यात उभी राहिली नाही—फोकनाड्या नाही मारत, अमरावतीत लोकं सांगतीन. आता तुमी म्हणसान, मिस्तरी असून आपल्याच गाडीत बसू नका म्हणते, हा माणूस बह्याड आहे का? बह्याड नाही. गर्दी असते म्हणून म्हणलो. गर्दी असते, अन् मंग घाट आहे, अन् ते स्टेअरिंगचं—

काय? स्टेअरिंग म्हणलो का मी? नाही हो, गर्दीच म्हणलो. बरं, म्हणलो असन. तुमचं ध्यान लय आहे बा, पोरीले पाणी पाजता पाजता कान इकडेच. सांगतो, पण कोणाजोळ बोलू नका. गणपती बसले होते तवा गाडी बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं—मोठे लोकं ते, चूक झाली की पत्र पाठवतात—म्हणे अमुक नंबरापासून तमुक नंबरापर्यंतच्या गाड्यांत आमचा एक पुर्जा कच्चा निंगाला, फुकटात नवा देतो, बदलल्याबिगर गाडी रस्त्यावर काढू नका. आमच्या सोळा गाड्या त्या नंबरात बसल्या. पुर्जा कोणता, तर डायवरच्या हातातलं चाक फिरते ना, त्याच्या खालून एक लोखंडी दांडा समोरच्या चाकापर्यंत जाते, ड्रॅगलिंक म्हणतात त्याले, अन् दांड्याच्या टोकाले वाटीत बसवलेला एक गोळा राहते—आपला खांदा कसा बसवला आहे, तसा. तो गोळाच नरम निंगाला. झिजला की वाटीच्या बाहेर. मंग डायवरनं कितीही फिरवू दे, चाक नुसतं हातात फिरते अन् गाडी तिले वाटन तिकडे जाते. सपाट रस्ता असला तर वावरात जाईन, कपाशीत जाऊन उभी राहीन. घाटात कुठी जाईन ते तुमाले काय सांगू, तुमी त्याच रस्त्याच्या.

भिऊ नका. बदलले ना आमी. शेडमधे पंधरा-वीस दिवस दुसरं कामच नाही केलं, रोज एक गाडी, जुना पुर्जा काढा, नवा बसवा, नटावर पिवळ्या रंगाचा एक पट्टा मारा—पत्रातच लिहून होतं, पिवळा पट्टा म्हणजे काम झालं—अन् जुना पुर्जा पोत्यात टाका. जुने परत न्यायचे होते कंपनीले, नाहीतर कोणी भंगारातून उचलीन अन् दुसऱ्या गाडीले ठोकून देईन. सोळा गाड्या, सोळा पट्टे. रजिस्टरात सोळा सह्या आहेत माह्या. शंभर टक्के. पेपरात फोटो आला, शाल दिली मले, नारळ दिला. आमच्या मनकर्णानं, म्हणजे बायकोनं, ते कात्रण आरशाच्या फटीत खोचून ठेवलं, रोज दाढी करताना मीच मले दिसतो, एकदा आरशात अन् एकदा शालीत. डिसेंबरात रिटायर होतो मी. चांगलं वाटते ना असं जाताना?

मंग काय?—तेच सांगून राहिलो ना. तुमी खंडेनवमीले काय पुजता घरी? विळा, कुऱ्हाड, पावडं, बरोबर. आमी गाड्या पुजतो. तो एकच दिवस असा की सगळ्या गाड्या आळीपाळीनं शेडमधे येतात, एरवी जे गाडी तिकडेच मुक्कामी राहते तेही येते, धुतात, झेंडूचे हार घालतात, पाने-हातोडे मांडून ठेवतात. बाकीचे लोकं काचेले कुंकू लावतात, डायवरच्या चाकाले हळद लावतात, नारळ फोडला का मोकळे. माही पूजा वेगळी. मी वाटीत हळद घेतो, तिच्यात उलसं गोडंतेल, अन् हर गाडीच्या खाली जातो. हे उस्तादाची शिकवण. उस्ताद मुसलमान माणूस, पण खंडेनवमी चुकवे नाही कधी. म्हणे, 'गोवर्धन, काँच को तो सब पूजते हैं, जिस नट पे पचास आदमी की जान लटकी है उसको उंगली लगा.' मले लय वर्षांनी समजलं तो काय करवून घेई माह्याकडून ते. हळद लावाच्या निमतानं सालातून एक दिवस हर नटाले मिस्तरीचं बोट लागे, ढिला असला तर तिथंच कळे! मी पहिले तसंच करो. बोट लावो, नट हलवून पाहो, दांडा झटकून पाहो. मंग गाड्या वाढल्या, पाठ धरली माही, अन् पोरं पाहाले उभे राहाले लागले—गोवर्धनकाका हळद लावून राहिले, मोबाइल काढा—तवापासून नुसतं बोट लावतो अन् सरकतो. पिवळा ठिपका दिसला, झाली पूजा.

हसू नका. हसल्या नाही? बरं. मले वाटलं हसल्या.

तर ह्या नवमीले सकाळी मी असा सगळ्या गाड्यांखालून फिरलो. त्याच नटाले बोट लावलं—दुसऱ्या कोण्या नटाले लावीन, पन्नास जणांचा जीव त्याच नटावर आहे. दुपारी अश्विनसाहेब आले, आमचे सुपरवायझर, माणूस चांगला पण घाईचा, म्हणे, 'गोवर्धनभाऊ, आज सगळ्या गाड्या शेडमधे येऊन राहिल्या, रजिस्टर आजच उरकून टाकू, कंपनीले संध्याकाळी फोटो पाठवायचा आहे.' म्हणलं, उरकू. मी फळीच्या गाडीवर उताणा पडून खाली सरको, बॅटरी मारो, पिवळं दिसलं का खालून ओरडो—'पिवळा आहे, लिहा!'—अन् साहेब वरते लिही. पिवळा आहे, लिहा. पिवळा आहे, लिहा. झेंडूच्या पाकळ्या पडून होत्या खाली, पाण्यात सगळ्या पिवळ्या झालेल्या. सोळा वेळा ओरडलो. आता समजलं?—समजलं तुमाले. हुशार आहा. मले समजाले गेला गुरुवार लागला.

गुरुवारी कंपनीचा माणूस आला जुने पुर्जे न्याले. पोतं उलटं केलं. पंधरा. म्हणलं मोजाले चुकलो. परत मोजले, पंधरा. टेबलाखाली पाहिलं, ड्रमाच्या मांगं पाहिलं, तो माणूस म्हणे, 'काका, एखादा हरवते कुठं कुठं, मी लिहून घेतो एक गहाळ म्हणून,' अन् लिहून घेतलं त्यानं, चहा पिऊन गेला. नवे पुर्जे त्यायनं एक-दोन जास्तीचे पाठवले होते, म्हणून एक उरला तरी कोणाच्या ध्यानात आलं नाही. पण जुना हरवत नसते ना ताई. एवढा जड पुर्जा कुठी जाईन? तो जागच्या जागी असते, गाडीले लागून. मी त्याच दिवसापासून चिंधी घेऊन एक-एक गाडीखाली गेलो, कोणाले न सांगता. हळद पुसली जाते, रंग जात नाही. पंधरा गाड्यांत रंग निंगाला.

हो.

हेच. एक-तीसचीच, दोन हजार त्रेसष्ट नंबरची. धारणीले मुक्कामी राहते, सकाळी निंगते, इथं दुपारी येते, अर्ध्या घंट्यात परत. शेडमधे येतच नाही. आमी तिचं काम नवमीवर ठेवलं होतं, म्हणलं पूजेले येईन तवा करू, अन् नवमीले पूजाच केली.

नाही, ऐका, उठू नका, गाडी अजून आली नाही. मले सांगू द्या. पत्रात असं थोडी लिहून होतं की सगळेच सुटतात? शंभरातून एखादा, तोही झिजल्यावर. काल नाही सुटला. परवा नाही सुटला. जीवन आहे डायवर तिच्यावर, चांगला डायवर, मी रोज इचारतो त्याले, 'स्टेअरिंग कसं वाटते रे?' तर म्हणते, 'मक्खन, काका. तुमच्या हळदीवर चालते गाडी.' असं म्हणते लेकाचा, अन् मी पाणी पेतो. चार दिवस झाले, एक वाजता इथं येऊन बसतो. नवा पुर्जा आणतो सोबत—तोच आहे पिशवीत, तुमी सरकवाले गेल्या ते—पाने आणतो, म्हणतो आज काही जमलं तर बसवून देईन गुपचूप. जमत नाही. जॅक पायजे, दीड घंटा पायजे, अन् गाडी थांबते अर्धा घंटा, सगळ्या लोकांसमोर. मंग ते निंगते. मी घरी जाऊन बसतो अन् परतवाडा आलं असन, घाट लागला असन, सेमाडोह गेलं असन असं करत साडेसहाले जीवनले फोन करतो, काहीतरी फालतू इचारतो, डिझेल किती टाकलं, अन् तो 'हॅलो' म्हणला की मंग मनकर्णाले म्हणतो, वाढ जेवाले.

साहेबाले सांगितलं ना. नाही सांगितलं असं नाही. म्हणलं, 'साहेब, त्रेसष्टले एक दिवस शेडमधे धाडा.' ते म्हणे, 'कावून? रजिस्टरात तर झाली ते. दिवाळीत जास्तीची गाडी कुठून आणू, गोवर्धनभाऊ?' मी काय म्हणू? म्हणू का की साहेब, मी सोळा वेळा ओरडलो त्यातला एक खोटा होता? शाल परत घ्या म्हणू? एकतीस वर्षं ताई. दोन महिने राहिले होते. तुमाले हे सगळं फालतू वाटन, शाल अन् कात्रण, मलेही वाटते, रातच्याले लय फालतू वाटते, पण सकाळी साहेबाच्या टेबलासमोर उभा राहिलो का तोंडच उघडत नाही माहं.

पण मी काही केलंच नाही असं नका समजू. मी थांबवतो ना लोकायले. पहिल्या दिवशी एक म्हातारी होती, घटांगची, तिले सांगितलं गाडी रद्द झाली. दुसऱ्या दिवशी कॉलेजातली पोरगी, तिच्याशी बोलत बसलो, बोलता बोलता गाडी सुटली, लय रागवली माह्यावर. काल एक मास्तर, त्यायले चहाच पाजला. अन् आज तुमी. रोज एकाले तरी थांबवतो, कसंही करून—

बाकीचे?

बाकीचे जातात ना. बाकीच्यायले मी कसा थांबवू? एकटा माणूस मी. पन्नास लोकायशी थोडी बोलता येते... असं पाहू नका माह्याकडे. मले माहीत आहे काय केलं ते. मी म्हणतो निदान एकाचा तरी, आपल्या हातून—नाही. तसं नाही ते. माहा जीव हलका व्हावा म्हणून करतो मी. आता खरंच सांगतो. लय सांगून झालं, आता हेही घ्या. तुमाले वाटलं असन मिस्तरी फसला, हळद रंगासारखी दिसली, होते माणसाकडून. मनकर्णालेही मी असंच सांगणार होतो कवातरी. पण रंग सुकलेला असते ताई. बोटाले लागत नाही. नवमीले त्रेसष्टच्या खाली गेलो तवा बॅटरी तोंडात धरून होती, तोल गेला उलसा, म्हणून हात वरते टेकवला, तर नेमका नटावर. अन् बोट ओलं झालं. पाहिलं तर पिवळं. वासही आला गोडंतेलाचा. मी पडून राहिलो तसाच, किती वेळ असन, तुमी पोरीचे केस बांधसान तेवढा वेळ. वरून साहेब म्हणे, 'गोवर्धनभाऊ, शेवटची आहे, बोला ना, सगळे फोटोले थांबले.' नारळ फुटून झाला होता. पोरं शर्ट खोचून उभे होते. बाहेर निंगून म्हणा लागलं असतं, हे राहिली, उद्या करू, आज फोटो नाही. एवढंच म्हणा लागलं असतं. अन् मी बोट पँटीले पुसलं अन् म्हणलो—

म्हणलो, पिवळा आहे, लिहा.

मनात म्हणलं, उद्या सकाळी निंगाच्या आधी बदलून टाकू, कोणाले कळते. सकाळी पाचले आलो तर गाडी साडेचारलेच निंगून गेली होती, दसऱ्याची गर्दी. मंग म्हणलं परवा. मंग मनालेच सांगाले लागलो, रंग ओला असन, गोवर्धन, तुही शंका आहे ते, रंग ओला असन. गुरुवारी पोतं उलटं झालं तवा मी मोजायच्या आधीच मले आकडा माहीत होता.

आली पहा. तेच. पहा कशी वळून राहिली, किती मऊ वळते, कोणी म्हणन का... समोरचं डावं चाक पहा तुमी, डायवरनं सोडल्यावर उलसं थरथरते. काल नव्हतं थरथरत. नव्हतं ना—का होतं? ताई, तुमाले दिसलं का? तुमी कुठं पाहून राहिल्या?

हे काय—पोरीले माह्या मांडीवर कावून देऊन राहिल्या? चढून राहिल्या का तुमी? ताई, एवढं सांगितलं तरी? अहो, पट्टी आहे तिच्या डोळ्याले, हात लावीन ते—ताई, चप्पल राहिली तुमची एक—कुठी चालल्या?

बस, माय, बस. रडू नको. नाव काय तुहं? प्रणाली? बरं. पट्टीले हात नको लावू. तुही माय तिकडे आहे, पाह्य, डायवरच्या खिडकीखाली उभी आहे, जीवनले सांगून राहिली काहीतरी. तो हसून राहिला. हसनच तो, त्याले वाटन खेड्यातली बाई, जागा भेटली नाही म्हणून—चढून राहिले सगळे. पोते टाकून राहिले टपावर. ते पाह्य, तुह्याएवढी एक पोरगी चढली, आकाशकंदील आहे तिच्या हातात. तुही माय समोर गेली. गाडीच्या समोर कावून गेली ते? एका पायात चप्पल नाही अन् मधोमध उभी राहिली. हारन वाजवून राहिला जीवन. हट ना ताई. हटेना. लोकं खिडकीतून बोंबलून राहिले तिच्यावर, तो कंडक्टर पाह्य हात धराले गेला तिचा, बह्याड म्हणून राहिले तिले—तिले कावून म्हणता रे, तिले कावून, तिनं काय केलं—चाल, माय, चाल माह्यासंगं, माह्या मानेले घट्ट धर—

जीवन! ए जीवन! बंद कर गाडी. बंद कर म्हणतो. चावी काढ, माह्याकडे दे. तिचा हात सोड रे तू पहिले! ते बाई खरं सांगून राहिली. उतरवा सगळे लोकं. सगळे. टपावरचे पोतेही. नाही झाली तिची, जीवन, त्रेसष्टची झालीच नाही, हळद आहे ते लेका, रंग नाही—मी खोटं बोललो. मी. साहेबाले लाव फोन, म्हणा गोवर्धन खोटं बोलला, जॅक घेऊन या, रजिस्टर घेऊन या. लाव. रडू नको तू, प्रणाली, तुह्यामुळं काही नाही झालं. ऐका हो, दिवाळीले सगळे पोचसान, उशिरा पोचसान, पण पोचसान—शिव्या द्या, द्या मले, इकडे पाहून द्या, त्या बाईले नका देऊ!

घ्या ताई, तुमची पोरगी. पट्टी सरकली नाही तिची, पाहिलं मी. चप्पल बाकड्यापाशी आहे. अडीचची इथंच लागते. नाही, काही बोलू नका आता, काहीच बोलू नका माह्याशी—जा, सावलीत बसा. मले गाडीखाली जायचं आहे.